पेज भाच्याच्या मेलवर आणि ओटीपी भलत्याच्याच फोनवर

या वेळचे बरेच प्रश्न फिरून एकाच गोष्टीवर येतात, ऑनलाइन आपली जी ओळख आहे तिची किल्ली नक्की कोणाकडे? त्यातले चार घेतो.

प्रश्न : जुनं सिम सहा महिने रिचार्ज केलेलं नाही, बंद पडलंय. बँकेत अजून तोच नंबर आहे. राहू दिला तर चालेल का?

अजिबात नाही. बंद पडलेला नंबर कंपनी कायम राखून ठेवत नाही, किमान ९० दिवस गेले की तो दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो, म्हणजे तुमचा ओटीपी आत्ता कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर वाजत असू शकतो आणि त्याचा त्यात काही दोषही नाही. आधी बँक, मग आधार, मग ईमेल असं करत सगळीकडे नवा नंबर टाका. आणि हो, संचार साथी या सरकारी पोर्टलवर जाऊन आपल्या नावावर किती सिम आहेत तेही बघून घ्या, नको ते तिथूनच रिपोर्ट करता येतं.

प्रश्न : हॉटेलवाले आधारची झेरॉक्स मागतात. द्यावी का?

ओळखपत्र मागणारच ते, पण आधारच पाहिजे असं काही नाही, लायसन्स किंवा व्होटर कार्ड दाखवा. आधारच द्यायचं तर मास्क्ड आधार द्या, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड होतं, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार दिलं तेव्हा गोष्टी सरकारी योजनांच्या होत्या, आता रूमची चावी घ्यायलाही तेच काढावं लागतं!

प्रश्न : माझा घरगुती मसाल्यांचा धंदा आहे. इन्स्टा पेज भाच्याने त्याच्या मेलवर काढलं, आता आमचं बोलणं नाही. ऑर्डरी सगळ्या तिथेच येतात.

ताई, हे घरोघरी चाललंय. पाकिटावर नाव तुमचं, चव तुमची, पण इन्स्टाच्या लेखी मालक तोच, ज्याच्याकडे लॉगिन. त्यामुळे आधी कायदा नको, मध्ये एखादं वडीलधारं माणूस घाला आणि मेल, नंबर, पासवर्ड तिन्ही बदलून घ्या, टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डशिवाय फोनवर येणारा कोडही लागेल अशी सोय, तुमच्या फोनवर लावा, नाहीतर पासवर्ड बदलूनही तो परत आत येईल. गूगल मॅपवरचं दुकानही त्याच्याच नावावर असेल तर तिथे मालकी मागायची रिक्वेस्ट टाकता येते. तोवर प्रत्येक पाकिटात तुमच्या व्हॉट्सॲप नंबरची चिठ्ठी टाका, गिऱ्हाईक तरी हातात राहील.

मग नावाचा ट्रेडमार्क करा. ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग केलेत, मसाले क्लास ३० मध्ये येतात, एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका क्लासला ४,५०० रुपये, नोंद झाली की १० वर्षं आणि पुढे रिन्यू होते. फक्त नाव ‘घरगुती मसाले’ असलं कुणालाही लागू होणारं असेल तर नोंद मिळणं अवघड. नोंद नसली तरी अगदीच हात बांधलेले नसतात, आधीपासून नाव वापरताय हे सिद्ध करता आलं तर कोर्टात दाद मागता येते, म्हणून जुनी बिलं, लेबलं, फूड लायसन्स जपून ठेवा. डोमेन नावालाही, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यातल्या नावालाही, ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं हे सुप्रीम कोर्टाने २००४ मध्येच सत्यम इन्फोवेच्या केसमध्ये म्हटलंय.

प्रश्न : अकाउंटच्या नावापुढची ब्लू टिक विकत घेतली तर लोक विश्वास ठेवतील का?

थोडाफार. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरने पैशाला टिक द्यायला सुरुवात केली आणि लगेच कुणीतरी एली लिली या औषध कंपनीच्या नावाने टिकवालं खोटं अकाउंट काढून ‘इन्सुलिन आता फुकट’ असं टाकलं, खऱ्या कंपनीला माफी मागत खुलासा करावा लागला. बँकेच्या बाबतीत तर टिककडे बघूच नका, वेबसाइटचा पत्ता बघा. रिझर्व्ह बँकेने बँकांना डॉट बँक डॉट इन (.bank.in) वर जायला ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती, तेव्हा पत्त्याचा शेवट तसा नसेल तर तिथे पासवर्ड टाकू नका.