मशीन लावूनही लेक गप्प का?

प्रश्न : आमची मुलगी लहानपणापासून दोन्ही कानांनी कमी ऐकते, मशीन लावते. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकली, पीयूसी (अकरावी-बारावी) कशीबशी काढली. आता बेळगावात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. घरी आली की मशीन काढून ठेवते, कुणाशी बोलत नाही, न जेवताच झोपते. सर म्हणतात, तिचं लक्ष नसतं. सासूबाई म्हणतात, पुरे झालं शिक्षण. नाव काढून घ्यावं का?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, आधी आरशासमोर उभ्या राहा आणि आवाज न काढता 'पान', 'बाण', 'मान' म्हणा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतील. तुमची लेक कानात येणारा तुटका आवाज आणि समोरचे ओठ जोडून वाक्य ओळखते. मराठीत ते जमतं, कारण पुढचा शब्द कुठला येणार याचा अंदाज असतो. वर्गात सर इंग्रजीत सुरू करतात, कन्नडमध्ये समजावतात आणि महत्त्वाचं नेमकं फळ्याकडे तोंड करून सांगतात. पाच तास हे कोडं सोडवून आलेली पोर झोपणार नाही तर काय करेल?

मी निपाणीची. एकोणिसाव्या वर्षी तापानंतर माझं ऐकणं गेलं. कॉलेजात मैत्रिणी हसल्या की मीही हसायचे. एकदा एकजण आजोबा गेल्याचं सांगत होती, तेव्हाही हसले. पुढे महिनाभर डबा जिन्याखाली एकटीने खाल्ला. घरी यातलं काही सांगितलं नाही. तुमचीही सांगत नसेल.

मशीन आवाज मोठा करतं, निवडत नाही. सरांबरोबर पंखा, बाकांची खरखर, पत्र्यावरचा पाऊस, सगळंच वाढतं. म्हणून तिला पुढच्या बाकावर बसू द्या, पंख्यापासून लांब. सरांनी बोलताना तोंड वर्गाकडे ठेवावं, नवे शब्द आणि परीक्षेच्या तारखा फळ्यावर लिहाव्यात, टिपणं आदल्या दिवशी द्यावीत. 'लक्ष द्या' एवढंच सांगून भागत नाही, हे असं एकेक लिहून द्यावं लागतं. बोललेलं अक्षरांत उतरवणारं ॲप मोबाईलवर मिळतं, कन्नड-मराठीतही चालतं. भाषांची खिचडी झाली की मात्र गडबडतं. आणि बेळगावच्या पावसात मशीन रात्री ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा. ओल बसली की तेही मुकं होतं.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल श्रवणदोष असलेल्यांची स्वतंत्र नोंद आहे. प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल, तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान 5 टक्के जागा राखीव असतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी काढा. याच कायद्याच्या कलम 17 मध्ये परीक्षेतल्या जादा वेळेबरोबरच दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याचाही उल्लेख आहे. आपल्याकडे भाषेचं नाव काढलं की माणसं बाह्या सावरतात. कॉलेजला द्यायच्या अर्जात स्पष्ट लिहा : तक्रार कन्नडबद्दल नाही, कानाबद्दल आहे.

घरी आल्यावर तासभर तिला मशीनशिवाय राहू द्या, टीव्ही बंद ठेवा. मग समोर बसून, चेहऱ्यावर उजेड पडेल असं बोला. खुणांची भाषा शिकली तर बोलणं विसरेल, ही भीती सोडा. तिच्यासारख्या दोन-तीन मुली भेटल्या तरी अंदाज न बांधता खुणांनी गप्पा मारता येतील. मी तिशी उलटल्यावर शिकले, उशीरच झाला. जेवण-झोप बिघडलेलीच राहिली किंवा जगण्यातच रस नाही असं म्हणाली, तर 14416 ही मानसिक आरोग्याची सरकारी मोफत हेल्पलाईन आहे. फोनवर तिला ऐकू येणार नाही, म्हणून फोन तुम्ही लावा.

नाव काढू नका. लेकीशी बोलून, तिच्याच सहीने अर्ज प्राचार्यांना द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट.