देवीप्रसाद वाच, मग भांड

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

चित्रकलेचा आठवड्यातला एकुलता एक तासही गणिताला गेला म्हणून मुख्याध्यापकांशी भांडू का, असं विचारलंस. जरूर भांड. पण आधी देवीप्रसाद या कलाशिक्षकाचं पुस्तक वाच. आपला विषय शाळेत कशासाठी हवा, हे तुला स्वतःला पक्कं ठाऊक असेल तरच तुझ्या बोलण्याला वजन येईल.

देवीप्रसाद शांतिनिकेतनात चित्रकार नंदलाल बोसांकडे शिकले. हेच नंदलालबाबू १९३६ साली गांधीजींच्या बोलावण्यावरून आपल्या खानदेशात, फैजपूर काँग्रेसचं नगर बांबू-गवतातून सजवायला आले होते. १९४४ साली देवीप्रसाद सेवाग्रामला आले, नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या हातकामातून शिक्षण देणाऱ्या शाळेत कला शिकवायला. सूतकताई, शेती, सफाई हाच जिथे अभ्यास, तिथे रंग म्हणजे चैन, असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी मात्र कलेला अभ्यासक्रमातला एक विषय न मानता सगळ्या शिक्षणाचा पाया मानलं. पुढे पुस्तकाचं नावही तेच दिलं: ‘आर्ट: द बेसिस ऑफ एज्युकेशन’.

आता तुझ्या वर्गाकडे ये. दुसरीतलं पोर घर काढतं आणि भिंतीतून आरपार चुलीपाशी बसलेली आईही दाखवतं. त्याला आई आत आहे हे माहीत असतं, म्हणून ती कागदावर येते. आपण पटकन म्हणतो, “अरे, भिंतीतून आई कशी दिसेल?” आणि खोडरबर पुढे करतो. असं चार-पाचदा झालं की तेच पोर “बाई, तुम्हीच काढून द्या ना” म्हणत वही घेऊन येतं. हे नुकसान मला सगळ्यात मोठं वाटतं, आणि ते आपल्यासारख्या ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) झालेल्या माणसांच्या हातून जास्त होतं. त्याच्या चित्रावर पेन्सिल टेकवू नकोस. फळ्यावर मोर काढून तो उतरवायला लावू नकोस. “यात काय काय चाललंय, सांग बरं,” एवढं विचार आणि ऐकत बस. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी मोठ्या वर्गांत करून घे. दहावीला ते गुण मिळतात, पोरांच्या उपयोगाचे आहेत. तिसरी-चौथीत ते आणू नकोस.

१९६२ साली देवीप्रसाद लंडनला गेले आणि ‘वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल’ या युद्धविरोधी संघटनेचे सरचिटणीस झाले. त्यांनी कला सोडली असं काहींना वाटतं, मला मुळीच पटत नाही. इंग्रज कलासमीक्षक हर्बर्ट रीड यांचं ‘एज्युकेशन थ्रू आर्ट’ हे पुस्तक ऐन महायुद्धात, १९४३ साली आलं. देवीप्रसादांवर त्या विचाराचा खोल ठसा होता. हाताला घडवायला मिळालं नाही, तर तीच ऊर्जा मोडतोडीकडे वळते, असं दोघांनाही वाटे. सेवाग्रामच्या वर्गातलं आणि लंडनच्या कचेरीतलं त्यांचं काम मला म्हणूनच एकच दिसतं. मुख्याध्यापकांपुढे हाच मुद्दा मांड, आणि सोबत मुलांची चित्रं ने, मागे तारीख आणि मुलानं सांगितलेलं त्याच्याच शब्दांत लिहून.

देवीप्रसादांचं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टचं आहे. मिळालं नाही तर माझी प्रत पाठवतो; समासात माझ्या खुणा आहेत, त्यांच्याशी वाद घातलास तरी चालेल.

तुझा,
सर