‘हवेचा अभ्यास करून पोट भरतं का?’

पत्र थोडक्यात: ‘आम्ही नाशिकरोडला राहतो. मुलगी टीवायबीएस्सी फिजिक्सला आहे, गुण ६४ टक्के. देशातलं नायट्रोजन ऑक्साइडचं प्रदूषण वर्षानुवर्षं कसं बदलत गेलं, यात तिला पुढं शिकायचंय. मी बँकिंगच्या क्लासची फी तिला न विचारता भरली आहे. दहा वर्षांत सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक होतील, प्रदूषणच संपेल. मग हवेचा अभ्यास करून पोट भरतं का? तिला समजवा.’

नमस्कार.

६४ टक्क्यांनी मला काळजी वाटली नाही, ‘न विचारता’ या दोन शब्दांनी वाटली. फी भरून झाल्यावर पत्र लिहिलंत, म्हणजे सल्ला नकोय, शिक्का हवाय. तो माझ्याकडून मिळणार नाही. ‘पर्यावरणात काहीतरी’ म्हणणारी मुलं पुष्कळ असतात, तुमची मुलगी एका वायूचं नाव घेते. तिला गणित जमतं का, संगणकावर हात बसलाय का, याबद्दल पत्रात अक्षर नाही. मनाविरुद्ध क्लासला बसलेली मुलं दोन-तीन प्रयत्नांत वय घालवतात आणि घरी बोलणं बंद करतात. त्यात बँकही जाते आणि विषयही.

आता तुमच्या गैरसमजाकडे. नायट्रोजन ऑक्साइड केवळ खराब इंधनातून येत नाही. ज्वाळेचं तापमान साधारण १५०० अंशांच्या वर गेलं की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो. म्हणजे बॉयलर, सिमेंटची भट्टी, जनरेटर, ट्रक, सगळीकडे हा वायू तयार होतो. तुमच्या जवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रातही कोळसाच जळतो. अशा २००३ पूर्वीच्या संचांना २०१५ च्या नियमांनी घनमीटरमागे ६०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. शिवाय प्रदूषण घटलं की काम संपतं, हेही खरं नाही. ब्रिटनचं नायट्रोजन ऑक्साइडचं उत्सर्जन १९९० च्या तुलनेत सत्तर टक्क्यांहून जास्त घटलं, तरी रस्त्याकडेची नायट्रोजन डायऑक्साइडची पातळी बरीच वर्षं त्या प्रमाणात उतरली नाही. चाचणीत पास झालेल्या डिझेल गाड्या रस्त्यावर जास्त वायू सोडत होत्या. हा फरक मोजणाऱ्यांनीच दाखवला. आपल्याकडे गाड्यांच्या धुराचे बीएस-६ निकष लागू झाले १ एप्रिल २०२० ला, डिझेल कारची या वायूची मर्यादा किलोमीटरला २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आली. पण तेव्हा लॉकडाऊन सुरू होता. आलेख २०२० ला खाली आला म्हणून श्रेय नियमाला देणारा हमखास फसतो. हे दोन परिणाम वेगळे करणं हेच या विषयातलं काम.

मुलीला हे झेपेल का, हे मीही सांगू शकत नाही. तिला दोन महिने द्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरून नाशिकच्या एका केंद्राचे तासागणिक आकडे फुकट उतरवता येतात. तिथं एनओ (नायट्रिक ऑक्साइड) आणि एनओ-२ (नायट्रोजन डायऑक्साइड) घनमीटरमागे मायक्रोग्रॅममध्ये असतात, या दोन्हींची बेरीज म्हणजे एनओएक्स मात्र पीपीबीत, म्हणजे हवेच्या अब्ज भागांत किती भाग. निम्मे नवखे इथंच चुकतात. पीपीबीत आणायला २५ अंशांना एनओ १.२३ ने आणि एनओ-२ १.८८ ने भागून बेरीज करायची. ती एनओएक्सशी जुळत नसेल तर नोंदींचा तो तुकडा बाजूला ठेवायचा. ७५ टक्क्यांपेक्षा कमी तास भरलेले महिने वगळायचे. थंडीत आकडे चढतात, पावसाळ्यात पडतात, म्हणून आधी ऋतूचा परिणाम काढून मग वर्षागणिक चढ-उताराचा कल मोजायचा. आठवड्यातून दोनदा हाताने घेतलेल्या जुन्या नोंदी स्वयंचलित यंत्राच्या मालिकेला जोडू नयेत, कारण सांध्यावर दिसणारी पायरी बहुधा यंत्र बदलल्याची असते. देशपातळीवरचा लांब कल हवा असेल तर नासाच्या ऑरा उपग्रहाचे २००४ पासूनचे आकडे आहेत, पण ते जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेच्या अख्ख्या स्तंभाचे असतात, आपल्या नाकापाशी किती ते सांगत नाहीत.

हे करताना ती कंटाळली तर बँक वाईट नाही. रात्री जागून चुका शोधत बसली तर अडवू नका.

वाटा नेहमीच्याच: पुण्यात विद्यापीठाचं एमएस्सी वातावरणशास्त्र, किंवा आयआयटीतल्या एमएस्सीसाठीची जॅम ही प्रवेश परीक्षा, किंवा गेट या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा पर्यावरण पेपर. कटू भाग असा, की निव्वळ संशोधनाच्या जागा कमी आहेत आणि त्यांना बहुतेक ठिकाणी पीएचडी लागते. खासगी सल्लागार कंपनीत सुरुवात कारखान्याच्या चिमणीवर चढून नमुने घेण्यापासून होते, पगारही बेताचा. पायथन किंवा आर यांपैकी एखादी संगणकाची भाषा येत नसेल तर या क्षेत्रात येऊच नये.

जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होतात, परीक्षा फेब्रुवारीत असते. तो फॉर्म तरी तिला स्वतः भरू द्या.