वायफाय असताना लॅनची केबल कशाला?

प्रश्न: घराचं काम काढलंय, भिंती फोडूनच ठेवल्यात. इलेक्ट्रिशियन म्हणतो लॅनची केबल टाकून घ्या, मुलगा म्हणतो जुनाट प्रकार आहे, पैसे वाया जातील. आधीच्या घरात केबल होती तर ३०० एमबीपीएसचा प्लॅन असून तिच्यावर स्पीड ९४-९५ च्या वर कधी गेलाच नाही, वायफायवर जास्त यायचा. काय करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: टाकून घ्या हो. मुलाचं वायफायसुद्धा राउटरपर्यंत वायरीनेच येतं, हे त्याला सांगा.

जुनाट म्हणाल तर आहेच. लॅनच्या केबलवर चालणाऱ्या पद्धतीचा, म्हणजे इथरनेटचा, जन्म १९७३ चा, कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत, बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज या जोडीने केलेला. सगळे कॉम्प्युटर एकाच कोअ‍ॅक्स केबलला (केबल टीव्हीची असते तशी जाड वायर) जोडलेले, एका वेळी एकानेच बोलायचं, दोघं एकदम बोलले की टक्कर, मग थोडं थांबून परत ट्राय करायचं, आणि एवढं करून स्पीड २.९४ एमबीपीएस! आज नाव सोडलं तर त्यातलं फारसं काही उरलं नाही. पिळलेल्या जोड्यांची केबल आली, मधे स्विच (दिव्याचा नव्हे, प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळी वाट देणारा डबा) आला आणि टक्करच संपली. वायफायला मात्र एका वेळी एकानेच बोलायची अट अजून आहे, हवा एकच आणि बोलणारी अख्खी बिल्डिंग.

तुमचा तो ९४ आकडा बरोबर चोर पकडून देतो. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोन पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही लागतात. क्रिम्पिंग करताना (केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवताना) निळ्या नाहीतर तपकिरी जोडीतली एखादी तार नीट बसली नाही की लिंक गुपचूप १०० वर उतरते, पोर्टवरचा लाइट लागलेला असतो, नेट चालू असतं, मग कोण कशाला बघतंय. किंवा लॅपटॉपचा, मधल्या स्विचचा पोर्टच १०० चा असेल. दोष बहुतेक यातलाच, केबल या प्रकाराचा नाही.

आता कॅट ६ दर्जाची केबल घ्या, पण अस्सल तांब्याची. स्वस्त बंडलात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो, कॅमेऱ्याला याच केबलवरून पॉवर द्यायची असेल तर ती अजिबातच नको. पाईप वेगळा, लाइटच्या वायरींसोबत ओढू देऊ नका (म्हणतील काही होत नाही, ऐकू नका). टीव्हीमागे एक, कामाच्या टेबलापाशी एक आणि जमलं तर हॉलच्या छताला एक, वायफायच्या डब्यासाठी. इलेक्ट्रिशियन जायच्या आधी प्रत्येक टोकाला गिगाबिट पोर्टवाला लॅपटॉप लावून लिंक स्पीड १ जीबीपीएस दाखवतो का बघा, मगच प्लास्टर.