मिशिगन विद्यापीठाच्या पुरुष आइस हॉकी संघाचं एवढं कौतुक का होतं?

तुमचा मुलगा ॲन आर्बरला, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या गावी, शिकायला गेलाय, फोनवर अभ्यासापेक्षा हॉकीचंच जास्त बोलतो आणि या संघात एवढं काय आहे, असं तुम्ही विचारलंय. मी तिथे एमएसची दोन वर्षं काढली. थंडीने जीव नकोसा झाला होता तेव्हा शेजारच्या खोलीतल्या मुलाने मला ओढत योस्टला, म्हणजे संघाच्या बंदिस्त हॉकी मैदानावर, नेलं. त्यानंतर घरच्या मैदानावरचे सामने मी शक्यतो चुकवले नाहीत. त्यामुळे जरा मोठं उत्तर देतो.

सुरुवात जोसेफ बार्सपासून. हा कॅनडाचा माणूस पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रला जखमी होऊन परतला. डिसेंबर १९१७ मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याच्या जहाजाचा भीषण स्फोट झाला, तेव्हा तो मदतीला धावला. जखमींची शुश्रूषा करता करता त्याने डॉक्टर व्हायचं ठरवलं आणि त्यासाठी मिशिगनला आला. १९२२-२३ मध्ये विद्यापीठाचा पहिला अधिकृत संघ उभा राहिला, त्याचा प्रशिक्षक हाच.

मग व्हिक हेलिगर, इथलाच माजी खेळाडू. १९४४ मध्ये तो प्रशिक्षक झाला तेव्हा महाविद्यालयीन हॉकीत राष्ट्रीय विजेता ठरवणारी स्पर्धाच नव्हती. त्याने बाकीच्या प्रशिक्षकांना पत्रं लिहून ती सुरू करायला लावली. १९४८ मध्ये कोलोराडो स्प्रिंग्जला चार संघ जमले आणि अंतिम सामन्यात मिशिगनने डार्टमथला ८-४ ने हरवलं. पहिली दहा वर्षं स्पर्धा तिथेच झाली, दहाही वर्षं मिशिगन तिथे होता आणि त्यातली सहा विजेतेपदं त्याने जिंकली. १९६४ मध्ये ॲल रेनफ्रूच्या हाताखाली सातवं आलं. त्यानंतर तब्बल ३२ वर्षं काही नाही.

या दुष्काळातून संघाला बाहेर काढलं रेड बेरेन्सनने. मला सगळ्यात जास्त आदर याच माणसाचा वाटतो. रेजायनाहून आलेला हा मुलगा मार्च १९६२ मध्ये मिशिगनसाठी शेवटचा सामना खेळला आणि दुसऱ्याच रात्री मॉन्ट्रियल कॅनेडियन्सच्या जर्सीत एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक हॉकी लीगच्या, बर्फावर उतरला. पुढे सेंट लुईसकडून त्याने एकाच सामन्यात सहा गोल केले. १९८१ मध्ये तो एनएचएलचा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला. तरीही १९८४ मध्ये तो सगळं सोडून आपल्या विद्यापीठात परतला. तेव्हा सामन्यांना विद्यार्थीच येत नसत. बेरेन्सन स्वतः कॅम्पसच्या चौकात उभा राहून फुकट तिकिटं वाटायचा आणि मुलं तीही घेत नसत! खेळताना त्याने पदवी पूर्ण केली होती, नंतर एमबीएही केलं. पोरांनी शिक्षण संपवावं हा त्याचा आग्रह त्यातूनच आलेला.

तो ३३ वर्षं राहिला, ८४८ सामने जिंकला. १९९१ ते २०१२ सलग २२ वेळा संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचला. १९९६ मध्ये मिनेसोटाविरुद्ध माइक लेगने गोलपोस्टच्या मागे उभं राहून पक (हॉकीची रबरी चकती) स्टिकवर उचलला आणि हवेतच कोपऱ्यातून आत सरकवला. आज जगभर त्या चालीला ‘द मिशिगन’ म्हणतात. त्याच वर्षी अंतिम सामन्यात जादा वेळेत ब्रेंडन मॉरिसनने गोल केला आणि ३२ वर्षांनी विजेतेपद परत आलं. १९९८ मध्ये बोस्टन कॉलेजला त्यांच्याच गावात, तेही जादा वेळेतच, हरवून नववं.

योस्टची इमारत १९२३ ची. आधी तिथे मातीच्या जमिनीवर ॲथलेटिक्स चालायचं, बर्फ आला १९७३ मध्ये. आत शिरलात की विटांच्या भिंतींवर आपटून येणारा विद्यार्थ्यांचा गलका छातीत जाणवतो. आता तिथल्या रिंकला बेरेन्सनचंच नाव आहे. डिसेंबर २०१० मध्ये फुटबॉलच्या स्टेडियमवर बर्फ घालून मिशिगन स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाविरुद्ध सामना झाला. गिनेसच्या नोंदीप्रमाणे तो १,०४,१७३ लोकांनी पाहिला आणि मिशिगन ५-० ने जिंकला.

मला हळहळ वाटते ती २०२२ ची. आदल्या वर्षीच्या एनएचएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ क्रमाने तरुण खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या पाचांपैकी चौघे मिशिगनचे: पॉवर, बेनियर्स, ल्यूक ह्यूज आणि केंट जॉन्सन. चौघेही त्या मोसमात विद्यापीठासाठीच खेळले, पण उपांत्य सामन्यात डेन्व्हरकडून जादा वेळेत हरले. २०२४ मध्ये डेन्व्हरने दहावं विजेतेपद घेतलं आणि मिशिगनच्या नऊच्या पुढे गेलं. मुलाने पुढच्या फोनवर डेन्व्हरचं नाव काढलं आणि आवाज चढवला, तर कारण हे आहे.