पुरात शेताचा नदीकाठ कापला गेला. काँक्रीटची भिंत बांधावी की झाडं लावावीत?

भिंत बांधू नका. झाडंही लगेच लावू नका. आधी काठाचा पायथा बघा. या एका प्रश्नावरून आमच्या घरात दोन वर्षं अबोला होता, म्हणून लांबण लागली तरी लिहितेच.

आमचं रान नदीच्या वळणावर, बाहेरच्या अंगाला. पुराने काठ कापला तेव्हा पाणी उतरल्यावर मी लांब बांबू घेऊन कडेकडेने टेकवत गेले. पलीकडे, वळणाच्या आतल्या अंगाला घोटाभर पाणी आणि नुसती वाळू. आमच्या बाजूला मात्र बांबू दीड पुरुष खाली गेला. म्हणजे नदी काठ वरून खात नव्हती, खालून पोखरत होती. वळणावर वरचं वेगाचं पाणी बाहेरच्या काठावर आदळून खाली बुडतं आणि तळाची माती आतल्या काठाकडे ढकलत नेतं. चहा ढवळला की पत्ती कपाच्या मधोमध जमते, तीही याच कारणाने. आल्बर्ट आइनस्टाईन यांनी 1926 साली नेमका हाच संबंध उलगडून दाखवला होता, हे मला मुलीने नंतर सांगितलं.

दीर बांधकामाची कामं घेतात. त्यांना म्हटलं, "भावजी, पायथ्याशी डोह पडलाय, आधी तो दगडाने भरू." ते चारचौघांत म्हणाले, "वहिनी, तुम्ही लग्न होऊन इथे आलात. मी या नदीत पोहायला शिकलोय." विषय संपला. भिंत उभी राहिली, सरळसोट, गुळगुळीत, पाणी निथळायला एक भोक नाही.

पुढच्या पुरात ती पडली नाही. पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी, लख्ख उन्हात, अख्खी नदीकडे आडवी झाली. नदी झपाट्याने उतरते, पण काठाच्या पोटात मुरलेलं पाणी तेवढ्या झपाट्याने उतरत नाही. समोरून नदीचा आधार गेला, मागून भिजून जड झालेल्या मातीने रेटा दिला आणि पाया तर पुरानेच उघडा पाडला होता.

आता तुमच्या कामाचं. डोह असेल तर त्यात मोठे, कोनेदार दगड टाका, तेही नदीच्या तळाखाली नीट रुतवून. गोटे नकोत, ते एकमेकांत अडकत नाहीत, घरंगळतात. दगडाच्या आकारात काटकसर करू नका. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याला हलवता येणाऱ्या दगडाचं वजन 64 पट होतं, म्हणून नेहमीच्या प्रवाहात हललाच नाही तो दगड पुरात टिकेल असं धरू नका. उभा कडा छाटून फूटभर उंचीला दोन फूट आडवा असा उतार द्या. दगडाखाली गाळणी म्हणून खडीचा थर किंवा जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, हवंच, नाहीतर फटींतून माती निसटते आणि उतारावरचं दगडांचं अस्तर (पिचिंग) खचतं. तारेच्या जाळीत भरलेले दगड वापरलेत तरी पायथा आणि गाळणीचा थर चुकत नाही. आणि दोन्ही टोकं काठात आत वळवून घ्या. काम मधेच तोडलं की नदी टोकाच्या मागून शिरते.

झाडं त्यानंतर. उतारावर वाळ्याच्या ओळी लावा, दाट, आडव्या. त्याची मुळं 3 मीटर आणि त्याहूनही खोल जातात. वर बांबू, करंज. कड्यावर कललेलं मोठं झाड असेल तर फांद्या उतरवून ओझं कमी करा, पण मुळं उपटू नका. भिंतीच्या खालच्या अंगाला चाळीस पावलांचा तुकडा मी असाच केला, बायका हाताशी घेऊन. तो आहे तिथे आहे.

नदीतली वाळू उपसून तीच काठावर टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तळ खाली गेला की काठाची उंची आपोआप वाढते आणि तो पुन्हा कोसळतो. प्रवाह वळवायला दगडी धक्के नदीत घालू नका, पाणी समोरच्याच्या रानात जाईल.

हे आधी सांगायला हवं होतं: वाळा सावलीत तग धरत नाही, आणि पहिला पावसाळा काढेपर्यंत त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. काठ खूप उंच असेल, किंवा घर, रस्ता, पूल जवळ असेल तर माझ्या सांगण्यावर जाऊ नका, इंजिनिअरला जागेवर आणा. अशा ठिकाणी भिंतही लागू शकते, खोल पायाची आणि निचऱ्याची. पात्रात काम करायच्या परवानगीचंही आधी विचारून घ्या. खर्चाचं म्हणाल तर, पायथा किती खोल गेलाय ते मोजल्याशिवाय कोणी आकडा सांगितला तर तो अंदाजपंचे समजा.

भावजी अजून म्हणतात, भिंत दोन फूट उंच हवी होती. पुराचं पाणी माथ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. आडव्या पडलेल्या भिंतीच्या कडेला गाळाची रेघ अजून दिसते, माथ्यापासून हातभर खाली.