आत किती गेले, ते मोज

प्रिय बाळ,

तुझी एक्सेल शीट परवा रात्री मिळाली. दोन्हीकडून प्रवेशाचं पत्र आलंय, शुक्रवारपर्यंत डिपॉझिट भरायचंय, आणि तू इथल्या, अमेरिकेतल्या, दोन्ही पीए प्रोग्रामची (पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरांच्या जोडीने पेशंट बघणारे) पत्रिका माझ्यापुढे मांडून "मावशी, आता तूच सांग" म्हणून मोकळी झालीस. तुझ्या आईचाही फोन येऊन गेला. तिचं मत पक्कं आहे: शंभर टक्केवाला घ्यायचा, त्यात विचार कसला करायचा?

विचार त्या शंभराचाच करायचा आहे.

आधी तो 'ध्येयं' नावाचा रकाना उडव. करुणा, टीमवर्क, वंचितांची सेवा, आजन्म शिकत राहण्याची वृत्ती... अगं, हा लग्नपत्रिकेतला मजकूर आहे. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' वाचून कुणी मुलगा पसंत केलाय का? ध्येयापुढे आकडा असेल तरच ते वाच. 'पहिल्या प्रयत्नात पास होणारे राष्ट्रीय सरासरीइतके किंवा जास्त' असं लिहून खाली पाच वर्षांचे निकाल दिले असतील, तर ते ध्येय. बाकी सगळी वेलबुट्टी.

आता तुझा लाडका रकाना, पास होण्याचं प्रमाण. पहिल्याचं १००, दुसऱ्याचं ९२. शंभराला तू हिरवा रंगही देऊन टाकलास. पण हा भागाकार कशाने केलाय ते बघितलंस का? परीक्षेला बसलेल्यांनी. आणि पॅन्सला, म्हणजे पीएच्या परवान्यासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेला, बसतं कोण? जो प्रोग्राम पुरा करतो तो. २७ महिन्यांच्या वाटेत जे गळले, ते या हिशेबात कधी धरलेच नव्हते.

प्रोग्रामच्या वेबसाइटवर निकालाच्या त्याच पानावर पार तळाशी आणखी एक तक्ता असतो. मान्यता देणारी संस्था, एआरसी-पीए, प्रत्येक प्रोग्रामला तो जाहीर करायला लावते: बॅचला किती जण घेतले, किती पदवी घेऊन बाहेर पडले, गळती किती. तू उघडला नाहीस, मी उघडला. तुझ्या शंभरवाल्याकडे शेवटच्या बॅचला ४० आत गेले, ३३ बाहेर आले. तेहेतीसच्या तेहेतीस पास. दुसऱ्याकडे ४० आत गेले, ३९ बाहेर आले, त्यातले ३६ पहिल्या फटक्यात पास. आता दोन्हीकडे चाळिसाने भाग. पहिला साडेब्याऐंशी, दुसरा नव्वद. पहिल्या दिवशी वर्गात बसशील तेव्हा तू चाळिसांतली एक असशील. तेहेतिसांत आहेस की नाही, ते नंतर ठरतं.

दुसऱ्याकडच्या त्या तिघांची काळजी करू नकोस. पॅन्स सहा वर्षांत सहा वेळा देता येते. नोकरी लांबते, चारचौघांत तोंड लपवावंसं वाटतं, पण दार उघडं असतं. पहिल्याकडच्या सातांना मात्र प्रोग्राम पुरा केल्याशिवाय परीक्षेचा फॉर्मच भरता येत नाही. कर्ज फेडायचं कुणालाच चुकत नाही.

म्हणून परत सांगते. आत किती गेले, ते मोज.

आणि हे मी तुला सांगावं लागतंय याचंच मला नवल वाटतं. तू दहावीपर्यंत तिकडे शिकलीस ना? 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा' हा फळा आमच्याही शाळेच्या फाटकावर होता. माझ्या बाकावरच्या मुलीला नववीत गणितात कमी पडायचे. तिच्या वडिलांना बोलावून सांगितलं, हिला बाहेरून बसवा, सतरा नंबरचा फॉर्म भरा. आमच्या दहावीच्या निकालाला शाळेत पेढे वाटले. संध्याकाळी ती आमच्या दारात उभी राहून मला किती पडले ते विचारून गेली. शाळेने खोटं काहीच लिहिलं नव्हतं.

आता खरं सांगते, कारण तुझ्या आईला अर्धवटच माहीत आहे. मी पीए झाले तो माझा दुसरा प्रोग्राम. पहिल्यात मी दोन सेमिस्टर होते. बीएएमएस होऊन, कराडला दोन वर्षं ओपीडी काढून मी इकडे आले. मग एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर, घरी बसणं, कम्युनिटी कॉलेजात ॲनाटॉमी-मायक्रो पुन्हा पहिल्यापासून, ग्रीन कार्ड आल्यावर मेडिकल असिस्टंट म्हणून रुग्णसेवेचे तास भरणं, हे सगळं करून मिळालेली ती सीट. हृदयाच्या मॉड्यूलला ७५ लागायचे, मला ७४.२ पडले. चार दिवसांनी पुन्हा पेपर. तोही गेला. डायरेक्टरच्या खोलीत गेले तेव्हा टिश्यूचा खोका टेबलावर माझ्या बाजूला आधीच सरकवून ठेवला होता, वरचा कागद अर्धा बाहेर ओढलेला. 'आम्ही काढलं अशी नोंद होण्यापेक्षा तुम्हीच सोडताय असं लिहून द्या, पुढे बरं पडेल.' मी सही केली. पेनसुद्धा त्यांचंच.

दोन वर्षांनी, मुलगा झोपल्यावर, ते पान उघडून बघितलं. माझ्या बॅचचा निकाल शंभर टक्के. नापासांतही माझं नाव नव्हतं.

माझी चूक नव्हती असं म्हणत नाही. वैद्य होते ना मी, हृदय मला कोण शिकवणार, ही गुर्मी होती. इतर जण ग्रुप करून ईसीजीच्या पट्ट्या घोकत होते तेव्हा मी घरी भाजी चिरत होते. हे कबूल. पण पॉइंट आठ मार्कांनी घसरलेल्या बाईशेजारी कुणीतरी तासभर बसायला काय हरकत होती? दुसऱ्या प्रोग्रामात बसले. तिथे 'रेमेडिएशन' म्हणजे प्रोफेसर शेजारी खुर्ची ओढून, माझी उत्तरपत्रिका उघडून, इथे तुम्ही असा विचार का केलात, असं विचारायचे. त्यांचा निकाल कधीच शंभर नव्हता. मी तिथूनच निघाले आणि आज अकरा वर्षं हॉस्पिटलात रात्रपाळीला पेशंट ॲडमिट करतेय. आता हे मी जुनं उट्टं काढतेय असं तुला वाटत असेल तर वाटू दे. थोडं असेलही.

आणखी एक सांगायचं राहिलं, तेही लिहून टाकते. मी सोडल्याच्या वर्षी मंडळाच्या गणपतीत एका मुलीने मला त्याच प्रोग्रामबद्दल विचारलं. मी म्हटलं, "चांगला आहे गं." हातात प्रसादाची वाटी, आजूबाजूला चार बायका, कोण सांगणार तिथे? ती गेली तिकडेच. आणि बाई, ती व्यवस्थित पास झाली, आज सर्जरीत आहे, भेटली की हसते. म्हणजे माझ्या न सांगण्याने तिचं काही बिघडलं नाही. तरी त्या दिवशी मी गप्प बसले, हे मला अजून टोचतं.

डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ साली ड्यूक विद्यापीठात पीएचा हा पेशा सुरू केला, तेव्हा पहिल्या बॅचला नौदलात रुग्णसेवा केलेले चार माजी कोअरमन आत गेले होते. १९६७च्या ६ ऑक्टोबरला तिघं बाहेर पडले. ते तिघं आमचे मूळपुरुष, दरवर्षी त्याच तारखेला आमच्याकडे पीए वीकचा केक कापला जातो. मला दर वेळी चौथाच आठवतो.

गळती झाली म्हणजे प्रोग्राम वाईट, असंही समजू नकोस. कुणाला बाळ होतं, कुणाचे वडील आजारी पडतात, कुणाला कळतं की रक्त बघवत नाही. सातांतले काही मागच्या बॅचबरोबर बसून पुढे पास झाले असतील. त्यासाठी विचारावं लागतं, शीटमध्ये ते सापडत नाही. एकाच बॅचवरही जाऊ नकोस, तीन बॅचचे आकडे असतात, तिन्ही बघ. मान्यता प्रोबेशनवर नाही ना, तेही बघ.

उद्या सकाळी दोन्हीकडे फोन लाव. ईमेल नको, फोन. पहिल्यांना विचार, चाळिसांतले ते सात कोणत्या सेमिस्टरला गेले आणि जाण्याआधी त्यांच्यासाठी काय काय केलंत. दुसऱ्यांना तेच, त्या एकाबद्दल. ते काय म्हणाले ते मला कळव. उत्तर द्यायला किती वेळ थांबले, तेही.

तुझी,
मावशी

ता. क. आईला म्हणावं डबा माझ्याकडेच आहे, रविवारी आणते.